वाकडा पब आणि ओकची खुंटी

ऑगस्ट २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या हिमली गावाजवळचा ‘क्रुकेड हाउस’ पब आगीत जळाला आणि दोनच दिवसांत पाडलाही गेला. १७६५ सालची ही विटांची इमारत कोळसा खाणींमुळे एका अंगाने सुमारे चार फूट खचली होती. म्हणून जुना पब वाकडा दिसला की आपण पायाला दोष देतो. लाकडी सांगाड्याच्या पबांत मात्र वाक बहुधा लाकडातूनच येतो.

हे सांगाडे ओक या कठीण लाकडाचे. सुकलेला ओक हत्याराला दाद देत नाही, म्हणून सुतार तो ओला असतानाच तासत. पुढे तो जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष या गतीने सुकतो. लांबीत जवळजवळ आटत नाही. पण गाभ्यापासून सालीकडे सुमारे ४ टक्के आणि वलयांच्या दिशेने ७-८ टक्के आटतो. या तफावतीमुळेच खांब तडकतो, पिळतो.

तरीही सांधे घट्ट राहतात, ते खुंटीमुळे. तुळईच्या टोकाची जीभ खांबाच्या खाचेत बसते. दोन्हींतून भोक पाडतात, पण जिभेतलं भोक मुद्दाम ३-४ मिलिमीटर तुळईच्या खांद्याकडे, म्हणजे जीभ जिथून सुरू होते त्या कडेकडे, सरकवतात. निमुळती खुंटी ठोकली की ती वाकत आत जाते, जिभेला खेचते आणि खांदा खांबावर आवळला जातो. लाकूड आटलं तरी वाकलेल्या खुंटीचा ताण टिकतो. खुंटी ओंडका फोडून काढायची. करवतीने कापली तर तंतू तिरके तुटतात आणि ती ठोकतानाच मोडते. ती सुकलेलीही हवी, नाहीतर स्वतःच आटून सैल होते. भोक जास्त सरकवलं तर जिभेचं टोक फाटतं. लोखंडी खिळा इथे चालत नाही, कारण ओकमधलं टॅनिन हे आम्लधर्मी द्रव्य त्याला गंजवतं.

तुळयांतल्या रिकाम्या खाचा दाखवून ‘हे जुन्या जहाजाचं लाकूड’ असं अनेक पबांत सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नका. बहुतेकदा तिथे पूर्वी आडभिंत असते, किंवा तुळई आधीच्या घरातली असते.

खांबांमध्ये हेझल या झुडपाच्या काटक्यांचा कूड, त्यावर माती, शेण, पेंढा आणि चुना. हा लेप पाणी शोषतो आणि परत सोडतो. विसाव्या शतकात अनेकांनी त्यावर सिमेंट थापलं. ओक जरा हलला की सिमेंटच्या कडेला केसाएवढी फट पडते. पाणी आत शिरतं, पण वाळत नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी येते, आणि खांब जिच्यावर उभे असतात ती तळाची आडवी तुळई आधी कुजते. मग पब खरोखरच खचतो. अशा वेळी सिमेंट काढायचं, कुजका भाग कापून नवा ओक सांधायचा आणि चुन्याचे पातळ थर द्यायचे. पारा ५ अंशांखाली गेला की काम थांबवायचं, कारण ओल्या चुन्यातलं पाणी गोठलं तर गिलाव्याचे पोपडे सुटतात.