कळकणे

कळकणे : तांब्या-पितळेच्या भांड्यातील आंबट पदार्थात धातूचा अंश उतरून तो हिरवट, तुरट व अपायकारक होणे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी घरांत "ताक कळकलंय" एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. ते ओतूनच द्यायचे. विद्युत्‌रसायनाची याहून घरगुती ओळख नाही.

आम्ल आणि हवेतील ऑक्सिजन यांच्यापुढे तांब्याचे अणू इलेक्ट्रॉन गमावून द्रवात उतरतात. ताकाची पातळी जिथे हवेला भिडते, त्या रेषेवर म्हणूनच हिरवा कळंक लवकर धरतो.

यावर जुना उपाय कल्हईचा. भट्टीवर तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठतो, तांब्यावरचा ऑक्साइड सुटतो. लगेच कथलाची कांडी टेकवतात. २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे हे कथील कापसाच्या बोळ्याने फिरवले की काळवंडलेले पातेले आतून चांदीसारखे उजळते. कल्हई हा नुसता लेप नव्हे. कथलाचे प्रमाण विभव (धातूची इलेक्ट्रॉन सोडण्याची ओढ दाखवणारा आकडा; दोन धातू भिडले की ज्याचा आकडा खाली, तो आधी झिजतो) −०.१४ व्होल्ट, तांब्याचे +०.३४; त्यामुळे बारीक ओरखडा पडला तरी आधी कथील झिजते, तांबे वाचते.

लोखंडावर मात्र तेच कथील उलटते. लोखंडाचे विभव −०.४४. कथलाचा मुलामा दिलेल्या डब्याला बाहेरून चरा पडून ओल लागली, की लोखंडच झिजू लागते आणि गंज चऱ्याखाली पसरतो. छपराच्या पत्र्याला म्हणून जस्त (−०.७६) चढवतात. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात पत्र्यावर दिसणारी पांढरी भुकटी म्हणजे लोखंडासाठी झिजलेले जस्त होय. हुकाच्या भोकाभोवती तांबूस कडे उमटले, की तिथले जस्त संपले असे समजावे. पत्रा बदलण्याची वाट न पाहता तेवढी जागा घासून जस्तयुक्त रंग लावणे शहाणपणाचे.

शेतातल्या मोटारीला हाच नियम महागात पडतो. ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या वायरीला नुसती पिळून जोडली, तर ओलीत तो सांधाच छोटा विद्युत्‌घट बनतो. ॲल्युमिनियम खंगते, पांढरा थर साचून रोध वाढतो, सांधा तापतो. दोन्ही धातूंना चालणारी खास लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा जोड) वापरून हे टळते, आणि तिचा खर्च मोटार पुन्हा भरून घेण्यापुढे काहीच नाही. उसाला पाणी चालू असताना स्टार्टरच्या पेटीतून येणारा जळका वास अनेकदा अशाच सांध्याचा असतो. तेव्हा मेन स्विच पाडल्याशिवाय पेटीला हात लावू नये.