जाळी लावली तर माणूस दुसरीकडे जातो का?

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरून वाहनं धावू लागली मे १९३७ मध्ये. त्या पुलावरच्या आत्महत्या रोखण्यासाठी दोन्ही अंगांना पोलादी दोरांची जाळी बसवायचं काम पूर्ण झालं जानेवारी २०२४ मध्ये. जाळी बसल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचे आकडे आता हाती आले आहेत. पूर्वी महिन्याला सरासरी अडीच मृत्यू होत होते, ते ०.७ वर आले. म्हणजे ७३ टक्क्यांची घट.

खर्च झाला सुमारे २२ कोटी ४० लाख डॉलर, तोही सार्वजनिक पैशातून. हा आकडा दिसला की जे बोललं जातं ते तिकडे आणि इकडे सारखंच असतं: "ज्याला मरायचंच आहे त्याला कोण अडवणार? एक पूल बंद केलात तर तो दुसरा शोधेल. मग एवढा पैसा कशाला?" हे मी सुशिक्षित, समंजस माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यात दुष्टपणा नसतो. पण हे विधान खरं की खोटं ते तपासता येतं, आणि ते तपासण्याची पद्धत मला फार आवडते. म्हणून हा लेख.

आधी माणसाचं पाहू. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले रिचर्ड सायडन यांनी १९७८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९३७ ते १९७१ या काळात गोल्डन गेटवर ज्यांना ऐनवेळी अडवलं गेलं अशा ५१५ जणांचं पुढे काय झालं, हे त्यांनी नोंदींवरून शोधून काढलं. त्यातले सुमारे ९४ टक्के लोक एकतर तोपर्यंत हयात होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. "आज अडवलं तर उद्या करेल" हे खरं असतं तर असा आकडा आलाच नसता.

कारण आत्महत्येचा टोकाचा क्षण हा बहुतेकदा खरोखरच क्षण असतो. दुःख जुनं असेल, आजार जुना असेल, कर्ज वर्षानुवर्षांचं असेल. पण विचाराचं कृतीत रूपांतर होण्याचा टप्पा अनेकदा मिनिटांचा असतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात जिवावरच्या प्रयत्नातून वाचलेल्या १५३ तरुणांशी संशोधक बोलले. निर्णय आणि कृती यांत पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ गेल्याचं त्यांतल्या जवळपास चौथ्या हिश्शाने सांगितलं. त्या वेळात मन एका बाजूला पूर्ण झुकलेलं नसतं, जगायची ओढही तिथेच असते. अडथळा आला, थोडा वेळ गेला, कुणी हाक मारली, की लाट ओसरते. ती पुन्हा येऊ शकते, म्हणून उपचार लागतातच. पण उपचार मिळायला माणूस जिवंत असावा लागतो.

आता मुख्य प्रश्न. एका पुलावरचे मृत्यू थांबले, पण ते दुसरीकडे सरकले नाहीत हे कशावरून?

वॉशिंग्टन शहरात एलिंग्टन आणि टाफ्ट असे दोन पूल एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. १९८६ मध्ये एलिंग्टनला उंच कुंपण केलं, टाफ्टला केलं नाही. लोक सरकत असते तर टाफ्टवरचे मृत्यू वाढायला हवे होते. तशी वाढ दिसली नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या ग्राफ्टन पुलाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. तिथले अडथळे १९९६ मध्ये काढून टाकले गेले. त्यानंतरच्या वर्षांत त्या पुलावरच्या आत्महत्या सुमारे पाचपट झाल्या. २००३ मध्ये नव्या, अधिक चांगल्या रचनेचे अडथळे बसवले आणि मृत्यू थांबले. असा प्रयोग मुद्दाम करायला कुठलीही नैतिक समिती परवानगी देणार नाही. इथे तो आपोआप घडला.

पण सगळ्यात शिकवून जातं ते टोरोंटो. तिथल्या ब्लोर स्ट्रीट वायडक्ट या पुलावर २००३ मध्ये सुमारे ५५ लाख कॅनेडियन डॉलर खर्चून पोलादी सळ्यांचा पडदा उभारला गेला. सळ्या नऊ हजारांहून जास्त, दोन सळ्यांमधलं अंतर जेमतेम पाच इंच. त्या पुलावरचे मृत्यू वर्षाला सरासरी ९.३ होते, ते शून्यावर आले. तरी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सगळ्यांना धक्का दिला. टोरोंटोमधल्या पूल, इमारती अशा सगळ्या उंच जागांवरून झालेल्या एकूण आत्महत्या आधीच्या नऊ वर्षांत वर्षाला सरासरी ५६.४ होत्या आणि नंतरच्या चार वर्षांत ५६.६. शिवाय इतर पुलांवरचे मृत्यू ८.७ वरून १४.२ वर गेलेले. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं: "बघा, पैसे पाण्यात!"

इथे थोडं गणित करावं लागेल. शाळेतलं वर्गमूळ पुरेल.

दुर्मीळ आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या घटना मोजताना सरासरी ५६ असली तरी दर वर्षी ५६ येत नाहीत. एका वर्षी ४९ येतात, दुसऱ्या वर्षी ६३, आणि त्यामागे काहीच कारण नसतं. हा नुसता योगायोगाचा चढउतार साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो, म्हणजे इथे साडेसात. चार वर्षांची सरासरी काढली की तो निम्मा होतो, ३.७. नऊ वर्षांच्या सरासरीत तो एक तृतीयांश, म्हणजे २.५. आता दोन सरासऱ्यांची वजाबाकी करायची. चढउतारांची मात्र वजाबाकी होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज होते आणि मग वर्गमूळ. ३.७ चा वर्ग सुमारे १४, २.५ चा सुमारे ६, बेरीज २०, वर्गमूळ साडेचार.

म्हणजे काहीही बदललं नसतं तरी आधीच्या आणि नंतरच्या सरासरीत साडेचारचा फरक सहज पडू शकला असता. कुंपणाने जास्तीत जास्त किती घट दाखवली असती? ९.३, तीही वाचलेल्यांपैकी एकही जण दुसरीकडे गेला नाही असं धरून. ती योगायोगाच्या चढउताराच्या जेमतेम दुप्पट. निम्मे लोक वाचले असते तर घट ४.६, आणि ती या योगायोगाच्या गोंगाटात पूर्ण बुडाली असती. थोडक्यात, चार वर्षांच्या आकड्यांना हा प्रश्न पेलणारच नव्हता. "परिणाम दिसला नाही" आणि "परिणाम नाही" या दोन वाक्यांमध्ये कित्येक माणसांचे जीव असतात, आणि निधी मंजूर करणाऱ्या समितीला हा फरक कुणीतरी फळ्यावर मांडून दाखवायला हवा.

त्याच संशोधकांनी तो दाखवला. २०१७ मध्ये त्यांनी अकरा वर्षं आधीची आणि अकरा वर्षं नंतरची घेऊन पुन्हा मोजणी केली. या वेळी त्यांनी शहरातल्या सगळ्या पुलांचा एकत्र हिशेब केला. मूळ संख्या लहान असली की गोंगाटही लहान होतो आणि परिणाम उठून दिसतो. सगळ्या पुलांवरचे मिळून मृत्यू ३६ टक्क्यांनी घटले होते. सुरुवातीच्या काळात इतर पुलांवर जी वाढ दिसली होती तिचा संबंध बातम्यांशी लागला: या पुलावरच्या आत्महत्यांच्या बातम्या ज्या वर्षी जास्त, त्याच्या पुढच्या वर्षी शहरातल्या पुलांवरचे मृत्यू जास्त. ठिकाण, पद्धत, फोटो यांसह रंगवून दिलेली बातमी असंच नुकसान करते, आणि आपल्या वाहिन्यांनी हे मनावर घ्यावं.

थोडेफार लोक सरकतात हेही मान्य केलं पाहिजे. जगभरातल्या अशा ठिकाणांचा २०१३ मध्ये एकत्रित अभ्यास झाला. अडथळा केलेल्या ठिकाणी ८६ टक्के घट, जवळपासच्या ठिकाणी ४४ टक्के वाढ, आणि सगळं धरून त्या शहरांत अशा आत्महत्यांमध्ये निव्वळ २८ टक्के घट, असं त्यातून निघालं. ही २८ टक्के म्हणजे वाचलेली माणसं.

हाच गोंगाट उलट दिशेनेही फसवतो. जपानमध्ये रेल्वे फलाटांच्या टोकांना निळे दिवे लावल्यावर आत्महत्या ८४ टक्क्यांनी कमी झाल्या, ही बातमी जगभर फिरली. स्वस्त आणि सुंदर उपाय, कुणाला आवडणार नाही? पण त्याच अभ्यासात खरा परिणाम १४ ते ९७ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो असं नमूद होतं. एवढ्या रुंद पट्ट्यावर ८४ चा झेंडा रोवणं योग्य नाही. फलाटावरच्या सरकत्या दारांचे पुरावे याहून कितीतरी भक्कम आहेत. आणि आपल्याकडे तर एखादा डोह किंवा पूल "बळी मागतो", "तिथे बाधा आहे" असं सहज म्हटलं जातं. डोह काही मागत नाही. तिथला कठडा कमरेएवढा असतो, वर्दळ कमी असते आणि त्या जागेचं नाव आधीच्या घटनांमुळे लोकांच्या मनात बसलेलं असतं. बाधा म्हटलं की नारळ फोडून मोकळं होता येतं आणि कठड्याची उंची तशीच राहते.

पैशाकडे वळतो. गोल्डन गेटच्या संचालक मंडळाने जाळीचा पर्याय २००८ मध्ये निवडला, पण पैसा नव्हता. २०१२ च्या केंद्रीय वाहतूक कायद्यात पुलांवरच्या अशा जाळ्या आणि कुंपणं केंद्रीय निधीस पात्र ठरवली गेली, आणि मग गाडं हललं. २०१४ मध्ये ७ कोटी ६० लाख डॉलर मंजूर झाले. त्यात पुलाचा स्वतःचा निधी होता, केंद्राचा होता, आणि ७० लाख डॉलर कॅलिफोर्नियाच्या मानसिक आरोग्य निधीतले होते. हा निधी दहा लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्नावर लावलेल्या एक टक्का करातून उभा राहतो. निविदा उघडल्या तेव्हा खर्च दुपटीहून वर गेला. कामही सोपं नव्हतं. जाळीमुळे पुलावरचा वाऱ्याचा भार बदलतो, म्हणून पश्चिमेकडचा कठडा काढून बारीक पट्ट्यांचा नवा बसवावा लागला, आणि २०२० पासून जोराचा वारा सुटला की त्या पट्ट्यांमधून पूल गुणगुणू लागला.

हा खर्च जास्त का? अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०२३ साली एक मृत्यू टाळण्याचं मूल्य १ कोटी ३२ लाख डॉलर धरलं होतं. रस्त्यावर दुभाजक घालावा की नाही हे ते खातं याच मापाने ठरवतं. २२ कोटी ४० लाखांना या मूल्याने भागलं तर उत्तर येतं १७. जाळीमुळे पहिल्या वर्षी टळलेले मृत्यू साधारण २२. शंका घेणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यातले निम्मे दुसरीकडे गेले असं धरलं, तरी दोन वर्षांच्या आत खर्च वसूल. जाळी कित्येक दशकं टिकणार आहे. महामार्गावर दुभाजक घालताना "तो ड्रायव्हर दुसऱ्या रस्त्यावर धडकेलच की" असं कुणी म्हणत नाही.

हाँगकाँगने आणखी सरळ वाट काढली. २००० सालापासून मेट्रोने ऑक्टोपस या प्रवास-कार्डावरच्या प्रत्येक फेरीमागे दहा सेंट जास्त घेतले आणि त्या पैशांतून जुन्या भुयारी स्थानकांवर फलाटांची सरकती दारं बसवली. तिथल्या रेल्वे आत्महत्या सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या. मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ वर अशी दारं आराखड्यातच होती. नंतर बसवण्यापेक्षा आधीच बसवणं किती स्वस्त पडतं, हे गोल्डन गेटच्या निविदेवरून कळतं.

महाराष्ट्रात कित्येक पुलांच्या कठड्यांवर जाळ्या आहेत, पण त्या निर्माल्य आणि कचरा नदीत पडू नये म्हणून. म्हणजे तंत्र आहे, कंत्राटदार आहेत, अंदाजपत्रकात रकानाही आहे. भारताचं राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण २०२२ मध्ये आलं. २०३० पर्यंत आत्महत्यांचं प्रमाण दहा टक्क्यांनी कमी करायचं असं त्यात म्हटलं आहे. त्याच वर्षी टेलिमानस ही मानसिक आधाराची मोफत फोनसेवा सुरू झाली: १४४१६, चोवीस तास, मराठीतूनही. हा क्रमांक पुलाच्या खांबावर रंगवायला फार पैसा लागत नाही.

अडतं ते नोंदींपाशी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल राज्य सांगतो, शहर सांगतो, कारण सांगतो. पूल सांगत नाही. तो तपशील पोलीस ठाण्याच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीत आणि पंचनाम्यात असतो, आणि वाचलेल्यांचा अग्निशमन दलाच्या वर्दीच्या वहीत. नावं गाळून, फक्त ठिकाण आणि तारीख एवढीच दहा वर्षांची यादी महापालिकेने आरोग्य खात्याकडे दिली, तर कुठल्या दोन-तीन पुलांवर आधी खर्च करायचा हे वर्गमुळाच्या गणिताने ठरवता येईल. दहा वर्षांचीच, चार नव्हे.