शहरासाठी नवे वाचनालय बांधायचे आहे? जागा, नकाशा, निधी आणि प्रस्तावाची कागदपत्रे

वाचनालयाच्या इमारतीचा प्रस्ताव निधीअभावी अडतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात निधीचा प्रश्न येण्याआधीच फाइल जागेच्या कागदावर थांबते. त्यामुळे वर्गणीचे पुस्तक छापण्याआधी एक गोष्ट पक्की करा : इमारत कोणाच्या मालकीची असणार?

सरळ मार्ग दोन आहेत. पहिला, नगरपरिषद स्वतःच्या जागेवर बांधते आणि मालकी तिच्याकडेच राहते. दुसरा, शासनमान्य ग्रंथालय चालवणारी नोंदणीकृत संस्था स्वतःच्या जागेवर बांधते. जिल्हा वार्षिक योजना, नगरविकास विभागाचे वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचे अनुदान, आमदार निधी ही दारे पहिल्या मार्गाला सहज उघडतात. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचे अर्थसहाय्य, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधी आणि लोकवर्गणी दुसऱ्या मार्गाने येते.

तिसरा मार्ग म्हणजे जागा नगरपरिषदेची आणि बांधकाम संस्थेचे. गावोगावी हाच सुचवला जातो आणि सर्वांत जास्त हाच रखडतो. नगरपरिषदा अधिनियम, १९६५ च्या कलम ९२ नुसार नगरपरिषदेला आपली स्थावर मालमत्ता शासनाच्या मंजुरीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव ही त्या मंजुरीची पहिली पायरी आहे, मंजुरी नव्हे. केवळ ठरावाच्या जोरावर पाया खोदला, तर अनुदानाच्या प्रस्तावात मालकीचा रकाना रिकामाच राहतो.

जागेचे कागद

मराठवाड्यात जागेची तपासणी जरा खोलवर करावी लागते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ (हस्तांतरणावर बंधन असलेली जमीन) अशी नोंद असेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झालेले बक्षीसपत्र शर्तभंगात निघते. निजामकाळातल्या इनाम जमिनी आजही अनेक शहरांच्या हद्दीत आहेत. मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेली) जमीन शासनाकडे नजराणा भरून वर्ग-१, म्हणजे बंधनमुक्त, करून घेता येते. खिदमतमाश जमीन मात्र धार्मिक सेवेसाठी दिलेली असते; देणारा कितीही मनापासून देत असला तरी ती घेऊ नका. मालकीच्या साखळीत शंका असेल तर १९५४-५५ चे खासरा पत्रक, म्हणजे कोणती जमीन कोणाकडे होती याची जुनी नोंद, काढा. त्याआधीचे कागद उर्दूत असतात, त्यांचे प्रमाणित भाषांतर सोबत जोडा.

गायरानाचा मोह टाळा. १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयानंतर गायरान खासगी संस्थेला मिळणे जवळपास बंद झाले आहे. इतर शासकीय जमीन मागायची असेल तर जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४० खाली तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. शहराच्या विकास आराखड्यात ग्रंथालयाचे आरक्षण आहे का, हे नगररचना कार्यालयात आधी पाहून घ्या. आरक्षण वेगळ्याच कामासाठी असेल, तर त्या जागेवर बांधकाम परवानगी मिळणार नाही.

दात्याने बॉण्डवर लिहून दिलेली जागा ही दान झालेली जागा नसते. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचे असावे लागते. त्यानंतर फेरफार होऊन सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर संस्थेचे नाव लागले पाहिजे, आणि धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज देऊन ती मालमत्ता परिशिष्ट-१ वर (न्यासाचे विश्वस्त आणि मालमत्ता यांच्या नोंदवहीत) चढवली पाहिजे. नगरपालिकेचा कर आकारणी उतारा मालकीचा पुरावा नाही. तो फक्त कर कोण भरतो एवढेच सांगतो. शेवटी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या. उताऱ्यावरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र यांतला फरक इथेच कळतो आणि नकाशा काढण्याआधीच तो कळलेला बरा.

केवढी इमारत?

आकडा अंदाजाने टाकू नका, ग्रंथसंख्येवरून काढा. ३ फूट रुंदीच्या सहा फळ्यांच्या रॅकमध्ये एका बाजूला साधारण १६० पुस्तके बसतात. पुढच्या वाढीसाठी पाव भाग मोकळा ठेवला तर १२० धरा. १५,००० पुस्तकांना १२५ बाजू, म्हणजे ६३ दुहेरी रॅक लागतात. मधल्या ९० सेंटिमीटरच्या वाटा आणि आडवे रस्ते धरून हा विभाग सुमारे १०० चौरस मीटरचा होतो. वाचकामागे २.३३ चौरस मीटर धरल्यास ४० खुर्च्यांच्या अभ्यासिकेला ९३ चौरस मीटर लागतात. वृत्तपत्र विभाग, बालविभाग, देवघेव, कार्यालय, जिना आणि स्वच्छतागृहे मिळवली की ३०० चौरस मीटरच्या आसपास पोचतो. स्पर्धा परीक्षेची मुले दिवसभर बसतात, म्हणून अभ्यासिकेला वेगळे दार आणि वेगळे स्वच्छतागृह ठेवा. रात्री बाकीचे वाचनालय बंद करून ती चालू ठेवता येते.

अभियंत्याला भाराविषयी लेखी सांगा. भारतीय मानक ८७५, भाग २ नुसार ग्रंथसाठ्याच्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला किमान ६ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ६०० किलो भारासाठी आखावी लागते, आणि तेही रॅकची उंची २.२ मीटरपर्यंत असेल तर. घराच्या खोलीला २ किलोन्यूटन पुरतात. सभागृह किंवा वर्ग म्हणून आखलेल्या वरच्या मजल्यावर नंतर रॅक नेले की स्लॅब झुकतो आणि तुळयांना तडे जातात. शक्यतो सगळे रॅक तळमजल्यावरच ठेवा.

काळी माती ही दुसरी अडचण. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि उथळ पायाच्या भिंती फोडते. पाया खालच्या मुरमापर्यंत न्यायचा की अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब) घ्यायचे, हे माती परीक्षणावरून ठरते; म्हणून परीक्षण अंदाजपत्रकाआधी करा, नंतर नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात भूकंपरोधक आराखडा हा ऐच्छिक विषय राहिलेला नाही. पायाभरणीच्या वेळीच वाळवीरोधक प्रक्रिया करून घ्या, पश्चिमेची भिंत बंद ठेवा आणि उजेड उत्तरेकडून घ्या. एप्रिल-मेचे ऊन पुस्तकांच्या कडा पिवळ्या करते.

निधी आणि प्रस्तावाचा प्रवास

शासनमान्य ग्रंथालयाला शासनाकडून मिळणारे परिरक्षण अनुदान वेतन, ग्रंथखरेदी आणि दैनंदिन खर्चासाठी असते, त्यातून बांधकाम धरू नका. संस्थेसाठी मुख्य आधार राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाखालची, १९७२ साली स्थापन झालेली ही संस्था कोलकात्यात आहे. तिच्या समान निधी योजनेत राज्याचा आणि प्रतिष्ठानचा वाटा एकत्र येतो. असमान निधी योजनेत अर्थसहाय्य प्रतिष्ठानचे असते. ग्रंथालय संचालनालय दरवर्षी प्रस्ताव मागवते. अर्जाचा नमुना, रकमेची मर्यादा आणि प्रतींची संख्या त्या वर्षीच्या सूचनेतूनच घ्या, मागच्या वर्षीचा नमुना चालत नाही. असमान निधीचा अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत भरायचा असतो. मराठी कागदपत्रांचे भाषांतर आधीच करून ठेवले तर शेवटच्या आठवड्यातली धावपळ वाचते. प्रस्ताव थेट कोलकात्याला जात नाही. तो जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे दाखल होतो.

नगरपरिषदेच्या कामाचा क्रम असा : सर्वसाधारण सभेचा ठराव (प्रशासक असेल तर प्रशासकीय ठराव), सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीवरचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, जिल्हाधिकारी कार्यालयाची प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, कार्यारंभ आदेश. ठरावात ‘वाचनालयासाठी जागा देण्यात यावी’ एवढेच लिहून भागत नाही. गट किंवा सर्व्हे क्रमांक, चौरस मीटरमध्ये क्षेत्र, चतुःसीमा, प्रयोजन आणि पुढची देखभाल कोण करणार हे सगळे एकाच ठरावात हवे. ठरावात ५०० चौरस मीटर आणि मोजणीत ४६०, अशी तफावत असली की फाइल परत येते. दरसूची बदलली तरी अंदाजपत्रक नव्याने करावे लागते. प्रशासकीय मान्यतेआधी सुरू केलेल्या कामाला हा निधी मिळत नाही, म्हणून भूमिपूजनाची घाई नको.

कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय उभारणी स्पष्टपणे नमूद आहे, हे कंपनीला पत्र लिहिताना जरूर सांगा. त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (कंपन्यांचा हा निधी घेण्यासाठीची) आणि आयकर सवलतीच्या नोंदण्या चालू हव्यात. कर्ज काढायचे असल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

संस्थेने जोडायचे कागद

- ग्रंथालयाचे शासनमान्यता पत्र आणि चालू वर्ग
- संस्था व न्यास नोंदणी प्रमाणपत्रे, घटना, परिशिष्ट-१ चा ताजा उतारा
- कार्यकारी मंडळाचा ठराव : बांधकाम, स्वनिधीची रक्कम आणि सही करणाऱ्यांची नावे
- मागील ३ वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद
- सातबारा किंवा मिळकत पत्रिका, नोंदणीकृत दस्त, ‘क’ प्रत
- मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, अंदाजपत्रक, संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र
- बँक खात्याचा तपशील आणि स्वनिधी जमा असल्याचा दाखला

यात सर्वांत जास्त वेळ परिशिष्ट-१ खातो. निवडणूक झाली, अध्यक्ष-सचिव बदलले, पण बदल अर्ज ९० दिवसांत दिलाच नाही, किंवा दिला आणि वर्षानुवर्षे प्रलंबित राहिला, तर प्रस्तावावर सही करणाऱ्याचे नाव धर्मादाय नोंदीत सापडत नाही. बांधकामाचा विचार सुरू झाला त्याच महिन्यात हे प्रलंबित अर्ज निकाली काढण्याच्या मागे लागा.

निधी आल्यावर इमारतीचे खाते वेगळे ठेवा आणि परिरक्षण अनुदानात मिसळू नका. झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिका, बिले, टप्प्याटप्प्याची छायाचित्रे आणि सनदी लेखापालाने प्रमाणित केलेले उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेले, तरच पुढचा हप्ता सुटतो. काम संपल्यावर नगरपरिषदेकडून भोगवटा प्रमाणपत्र घ्या, नव्या इमारतीची नोंद परिशिष्ट-१ वर करून घ्या आणि पत्ता बदलल्याचे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना लेखी कळवा. वार्षिक तपासणी त्याच पत्त्यावर होते.