सेट अलाइन करायचा की कॅलिब्रेट? ट्रान्समिटरमधली दोन कामं जी सगळे एकच समजतात

इथे ग्वाल्हेरात माझ्याकडे जुना वायरलेस सेट घेऊन जो येतो तो एकच शब्द घेऊन येतो, अलाइन. आवाज फाटतोय, अलाइन करा. लांब जात नाही, अलाइन करा. एका काकांनी तर बॅटरी मेलेला सेट आणला आणि म्हणाले "भैया, जरा अलाइन कर दो", मग मी मराठीच आहे कळल्यावर तेच वाक्य मराठीत परत म्हणाले. ज्याला थोडं जास्त माहीत असतं तो कॅलिब्रेशन म्हणतो, कारण तो शब्द जास्त भारी वाटतो. दोन्हीत पेचकस फिरतो, दोन्हीत मीटरकडे डोळे लावून बसायचं असतं, त्यामुळे गोंधळ होणारच, आणि सर्व्हिस मॅन्युअल उघडावं तर कुठे अलाइनमेंट लिहिलंय, कुठे अ‍ॅडजस्टमेंट, कुठे ट्यूनिंग, आणि दोन्ही कामं एकाच पानावर कालवून ठेवलेली. पण कामं वेगळी आहेत, आणि एकाच्या जागी दुसरं केलं की धडधाकट सेटची वाट लागते. मी स्वतः लावलेली आहे, ते पुढे येईलच.

घरात तंबोरा असेल तर हा फरक समजायला दोन मिनिटं लागतात (आणि लष्करातल्या मराठी घरात तंबोरा नसला तर शेजारी तरी असतोच. लष्कर म्हणजे आर्मी नव्हे हो, आमच्या गावाचा भाग आहे). जोडाच्या दोन तारा एकमेकींशी मिळवल्या, पंचम त्यांच्याशी मिळवला, खरज लावला, खुंटीने जवळ आणलं, मण्याने बारीक केलं, जवारीचा दोरा सरकवला की तंबोरा बोलायला लागतो. ह्यात बाहेरचं कोणी लागलं नाही, नुसता कान. मग पेटीवाला येतो, काळी एक दाबतो आणि कळतं की तुमचा अख्खा तंबोरा पाव सूर खाली आहे. आपल्याआपल्यात मात्र तो एकदम सुरेल होता. तारा आपसात मिळवणं हे अलाइनमेंट, पट्टीला आणणं हे कॅलिब्रेशन. उदाहरण इथेच सोडतो, कारण रेडिओच्या धंद्यात पेटीसुद्धा बेसूर असू शकते आणि खरी भानगड तिथे आहे.

आधी अलाइनमेंट. जुना क्रिस्टलवाला (क्रिस्टल म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सी देणारा स्फटिक) व्हीएचएफ सेट घ्या. त्याला १४५.५०० मेगाहर्ट्झवर बोलायचंय, पण आत क्रिस्टल आहे १२.१२५ चा. मग तो सिग्नल आधी तिप्पट होतो म्हणजे ३६.३७५, मग दुप्पट ७२.७५०, मग परत दुप्पट १४५.५००, आणि तिथून ड्रायव्हर, फायनल (पॉवर वाढवणाऱ्या शेवटच्या दोन पायऱ्या), फिल्टर, अँटेना. प्रत्येक पायरीवर एक-दोन कॉइल असतात, आत फेराइटचा स्लग (फिरवायचा गाभा) किंवा बाजूला ट्रिमर (फिरवायचा छोटा कपॅसिटर), आणि ते फिरवून ती पायरी फक्त आपल्या कामाची फ्रिक्वेन्सी पुढे पाठवेल असं करायचं. टेस्ट पॉइंटवर मीटर लावा, काटा चढेल तिथपर्यंत स्लग फिरवा, उतरायला लागला की मागे या, पुढची कॉइल, मग परत पहिली, कारण दुसरी हलली की पहिली थोडी सरकते. दोन-तीन फेऱ्या लागतात. लोखंडी पेचकस कॉइलमध्ये घातला की कॉइलच बदलते, काटा चढलेला दिसतो आणि पेचकस काढला की धाडकन खाली, म्हणून प्लास्टिकचा लागतो. माझा पहिला आईच्या विणकामाच्या सुईचं टोक घासून केलेला होता आणि विकतच्यापेक्षा बरा होता. स्लगवर जोर मात्र लावायचा नाही, तडकला की आतच अडकून बसतो.

आता मुद्द्याची गोष्ट ही की ह्या सगळ्यात मीटर खरं बोलत नसलं तरी चालतं. काटा सर्वात वर कुठे जातो एवढंच आपल्याला बघायचंय, तो आकडा २ व्होल्ट आहे की २.३ ह्याच्याशी देणंघेणं नाही. कबाडातनं आणलेल्या मीटरवरही शिखर सापडतं. म्हणून अलाइनमेंट घरच्या टेबलावर जमतं. बोलून बघायचं नाही हां, अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (पॉवर हवेत न सोडता जिरवणारा रेझिस्टर) लावायचा, आणि बोलायचं बटण दाबून धरून चहा प्यायला जायचं नाही, फायनल ट्रान्झिस्टर गरम होऊन जातो.

पण शिखर मिळालं म्हणजे झालं असंही नाही, आणि इथे बरेच जण घसरतात. गुणाकाराच्या पायऱ्या ढिल्या लागल्या असतील तर १२.१२५ चे शेजारचे पटही बाहेर गळतात, अकरावा पट १३३.३७५ मेगाहर्ट्झ आणि तेरावा १५७.६२५. ह्यातला पहिला सरळ विमानांच्या बँडमध्ये पडतो, तो ११८ ते १३७ असतो, आणि आमच्याकडे महाराजपूरला एअर फोर्सचं स्टेशन आहे, म्हणजे डोक्यावरून कोण जातंय ते सांगायला नको. वॉटमीटर ह्या बाबतीत ठार आंधळा आहे. तो सगळ्या फ्रिक्वेन्सींची पॉवर एकत्र दाखवतो, त्यामुळे फायनल "जास्तीत जास्त वॉट" वर लावून खूश झालेला माणूस कधीकधी घाणीचेच वॉट मोजत असतो. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती पॉवर ते दाखवणारं यंत्र) नसेल तर निदान दुसऱ्या रिसीव्हरवर, लांब ठेवून, शेजारचे पट ऐकून बघावेत. हा दोष कॅलिब्रेशनने जात नाही, फ्रिक्वेन्सी मोजणारा कितीही भारी काउंटर आणा.

आता कॅलिब्रेशन. इथे प्रश्न बदलतो. काटा कुठे चढतो हा प्रश्नच नाही, प्रश्न असा की सेट जे म्हणतोय ते खरंय का. ट्रान्समिटरमध्ये मुख्यतः तीन आकडे असतात, फ्रिक्वेन्सी, डेव्हिएशन आणि पॉवर, आणि तिन्ही बाहेरच्या कुठल्यातरी भरवशाच्या मापाशी ताडून बघायचे असतात. माप खोटं तर सगळंच खोटं.

माझी फजिती इथलीच. पाच लायसनवाल्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मित्रांचे सेट होते, सगळ्यांचे क्रिस्टल ट्रिमर मी माझ्या काउंटरवर लावून दिले, आठ आकडी काउंटर, शेवटच्या शून्यापर्यंत १४५.५०००० दिसेपर्यंत बसून. आपापसात आवाज काचेसारखा. मग बाहेरच्या एकाशी बोलायला गेलो, त्याचा रेडिओ नॅरो फिल्टरवर होता, आणि तो म्हणाला तुम्हा सगळ्यांचाच आवाज जोरात बोललं की फाटतोय. आम्ही त्याच्या सेटला नावं ठेवली, साहजिकच, आम्ही पाच होतो आणि तो एकटा. काही महिन्यांनी एक जीपीएसवर चालणारा १० मेगाहर्ट्झचा रेफरन्स हाताशी आला, जीपीएसच्या सॅटेलाइटमध्ये अणुघड्याळं असतात म्हणून तो भरवशाचा, तो काउंटरला लावला तर काउंटर म्हणतो १०.००००७४. म्हणजे ७४ हर्ट्झ जास्त दाखवतोय, दहा लाखांत ७.४. तेच १४५.५ वर किती होतं बघा, साधारण १०७७ हर्ट्झ. मी पाचही सेट नेमाने एक किलोहर्ट्झ खाली लावून ठेवले होते. आकडे आठ असणं वेगळं आणि आकडे खरे असणं वेगळं हे मला तेव्हा कळलं. तंबोरे सगळे एकमेकांत जुळलेले, पेटीच बेसूर.

जुन्या सेटमध्ये हे आणखी तापदायक, कारण क्रिस्टलची चूकसुद्धा बाराने गुणली जाते, क्रिस्टल ३० हर्ट्झ हलला की बाहेर ३६०. आणि क्रिस्टल तापमानाने हलतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि जानेवारीत पहाटे ४-५ वर, म्हणजे दुपारी पंख्याखाली लावलेला सेट संक्रांतीला मेळ्याच्या मैदानावर तसाच राहील अशी अपेक्षा करू नये. नवीन सेटमध्ये टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल ऑसिलेटर) असतो, तो तापमान सांभाळून घेतो, त्यावर बऱ्याचदा अधिक-उणे २.५ पीपीएम (दहा लाखांत अडीच) असं लिहिलेलं असतं, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त ३६० हर्ट्झच्या आसपास. तेवढं एफएमला पचतं.

डेव्हिएशन म्हणजे आवाजाने कॅरियर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) किती इकडेतिकडे हलतो ते. २५ किलोहर्ट्झच्या चॅनेलला कमाल ५, साडेबाराच्या चॅनेलला अडीच. "आवाज बारीक येतो" म्हटलं की लोक डेव्हिएशनचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) पिळतात, खरं तर बहुतेक वेळा माइकचा गेन कमी असतो किंवा माइकच्या भोकात धूळ असते. डेव्हिएशनचा पॉट ही कमाल मर्यादा आहे, ती वाढवली की जोरात बोलल्यावर शेजारच्या चॅनेलवर शिंतोडे उडतात.

आणि ह्याच्यासाठी एक इतकी सुंदर युक्ती आहे की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेव्हिएशन मीटर नसला तरी चालतं. सेटमध्ये २०७९ हर्ट्झचा टोन सोडा, डेव्हिएशन शून्यापासून हळूहळू वाढवत न्या, आणि कॉम्प्युटरला लावायच्या स्वस्तातल्या एसडीआर रिसीव्हर-डोंगलच्या स्क्रीनवर मधल्या कॅरियरकडे बघत राहा. बाजूच्या रेघा वाढत जातात, मधली बारीक होत जाते आणि एका क्षणी गायब होते. पहिल्यांदा गायब झाली त्या जागी डेव्हिएशन ५ किलोहर्ट्झ. का, तर डेव्हिएशन भागिले टोन हे २.४०५ झालं की गणिताप्रमाणे कॅरियर शून्य होतो, त्याला बेसेल नल म्हणतात. अडीचसाठी टोन १०४० च्या आसपास घ्यायचा. फक्त पहिलंच गायब होणं धरायचं, पुढे वाढवत गेलात तर ते परत येतं आणि परत जातं. इथे माप म्हणून कोणाचं मीटर नाही, गणितच आहे, आणि टोन तेवढा बरोबर हवा, तो मोबाइलवरचं अ‍ॅपसुद्धा पुरेसा बरोबर देतं.

पॉवरबद्दल फार लिहीत नाही कारण लोक त्याचीच सर्वात जास्त काळजी करतात आणि तिचीच सर्वात कमी गरज असते. ४ वॉटचे ५ झाले तर फरक एक डेसिबलपेक्षाही कमी, समोरच्याला कानाने कळत नाही. आणि बर्ड ४३ सारख्या नावाजलेल्या वॉटमीटरची खात्रीसुद्धा पूर्ण स्केलच्या ५ टक्के असते, म्हणजे ५० वॉटचा स्लग (हा कॉइलमधला नव्हे, मीटरमध्ये बसवायचा मापाचा तुकडा) लावून ५ वॉटचा हँडसेट मोजलात तर अडीच वॉट इकडेतिकडे. ती मोजणी नाही, ज्योतिष आहे. लहान स्लग लावा.

आता हल्लीचे हँडसेट. आत स्लग नाहीत, ट्रिमर नाहीत, फायनल अख्ख्या बँडवर चालणारा, म्हणजे ट्रान्समिटरमध्ये अलाइन करायला जवळपास काही उरलंच नाही. सगळं मेमरीत आकड्यांच्या रूपात, इतक्या फ्रिक्वेन्सीला पॉवरचा आकडा इतका, डेव्हिएशनचा इतका, आणि हे आकडे फॅक्टरीत त्या एका सेटसाठी मोजून टाकलेले असतात. त्यामुळे एका चांगल्या सेटची पूर्ण मेमरी उचलून दुसऱ्यात ओतणारे जे हुशार लोक असतात ते दुसऱ्याचं कॅलिब्रेशन पुसून टाकतात. चॅनेलची यादी कॉपी करा, खुशाल करा, पण कॅलिब्रेशनच्या भागाला हात लावायच्या आधी जे आहे ते सेव्ह करून ठेवा. ह्यात एक मॉड्युलेशन बॅलन्स नावाचा आकडा असतो तो मात्र मनाने अलाइनमेंटच आहे, कारण त्यात आवाज व्हीसीओ (व्होल्टेजने हलवता येणारा ऑसिलेटर) आणि रेफरन्स ऑसिलेटर अशा दोन वाटांनी जातो आणि दोन्ही वाटा आपसात जुळवायच्या असतात. तो चुकला की बोलणं ठीक ऐकू येतं पण डीसीएसने (आवाजाबरोबर जाणारा, समोरचा सेट उघडणारा अंकी कोड) समोरचा सेट उघडत नाही, आणि माणूस तासभर कोडच तपासत बसतो.

क्रम एकच, आधी अलाइनमेंट मग कॅलिब्रेशन, कारण कॉइल हलवल्या की ऑसिलेटरही किंचित ओढला जातो आणि पॉवर तर बदलतेच. सेट वीसेक मिनिटं चालू ठेवून मगच हात घालायचा, सप्लाय मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच. अलाइन केलं की कॅलिब्रेट करावंच लागतं, उलटं नाही. क्रिस्टल वर्षानुवर्षं हळूहळू सरकतो, म्हणून फ्रिक्वेन्सी अधूनमधून तपासणं ठीक, पण कॉइल आपणहून बिघडत नाहीत. एखादा पार्ट बदललाय, सेट लांबच्या फ्रिक्वेन्सीवर न्यायचाय, किंवा आधीच्या कारागिराने स्लग हलू नये म्हणून लावलेलं मेण फोडलंय, ह्या तीन कारणांशिवाय मी स्लगला हात लावत नाही. मेण शाबूत असेल तर आजार दुसरीकडे आहे.

काम झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी टेपवर तारीख, खोलीचं तापमान आणि काउंटर कशाशी ताडला होता ते लिहितो. पुढे कोणीही उघडलं, मी स्वतःसुद्धा, तर आकडा कुठून आला ते कळतं. काकांच्या सेटमध्ये लिहिलं, "फक्त बॅटरी बदलली." काका चार दिवसांनी मुरारहून फोन करून म्हणाले, वा, काय अलाइन केलंयस रे.