‘प्रकृती कशी आहे?’ या प्रश्नाचे मोल

‘एकंदरीत तुमची प्रकृती कशी आहे: उत्कृष्ट, खूप चांगली, चांगली, बरी की वाईट?’ रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसाने सहज विचारावा असा हा प्रश्न अमेरिकेतील आरोग्य-सर्वेक्षणांत अनेक दशके विचारला जात आहे. त्याचे उत्तर किती गंभीरपणे घ्यावे लागते, हे कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातील एका अभ्यासाने १९८२ साली दाखवून दिले. स्वतःची प्रकृती वाईट असल्याचे सांगणाऱ्या वृद्धांमध्ये पुढील काही वर्षांत मृत्यूचा धोका, ती उत्कृष्ट असल्याचे सांगणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट आढळला. आणि वय, उत्पन्न व नोंदलेले आजार हिशेबात धरूनही हा फरक उरला. घराण्यातील आजार, जिना चढताना अलीकडे लागणारा दम, मोडलेली झोप यांची गोळाबेरीज माणूस मनातल्या मनात करत असावा, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

मात्र एका माणसाबाबत खरा ठरणारा हा निकष प्रदेशांची तुलना करताना घसरतो. लॉस एंजेलिस काउंटीचे उदाहरण घेऊ. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. या एका काउंटीची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास असून तिच्यातील जवळजवळ निम्मे लोक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे आहेत. इंग्रजीतील ‘फेअर’ (वरच्या यादीतील ‘बरी’) या पर्यायासाठी स्पॅनिश प्रश्नावलीत बहुधा ‘रेगुलार’ हा शब्द वापरतात आणि त्याचा अर्थ ‘नेहमीसारखी’ याच्या जवळ जातो. परिणामी स्पॅनिशमध्ये उत्तर देणारे अधिक आजारी भासतात, जरी अमेरिकेतील लॅटिनोंचे सरासरी आयुर्मान गोऱ्या लोकांपेक्षा जास्त असले तरी. (मराठीतील ‘बरी आहे’चे काय करायचे, हा प्रश्न असाच अवघड आहे. आजारातून उठलेला माणूसही ‘बरा’ आणि जेमतेम निभावणारी प्रकृतीही ‘बरी’च!)

भाषेहून मोठी गुंतागुंत उपचारांच्या उपलब्धतेची आहे. वॉट्स या वस्तीत १९६५ मध्ये झालेल्या दंगलीनंतर दक्षिण लॉस एंजेलिससाठी उभारलेले सार्वजनिक रुग्णालय १९७२ मध्ये सुरू झाले, २००७ मध्ये त्याचा आंतररुग्ण विभाग बंद पडला आणि त्या जागी नवे रुग्णालय २०१५ मध्ये उघडले. अशा ठिकाणी सोय वाढली की लोक प्रकृती अधिक चांगली सांगतील, असे आपण गृहीत धरतो, आणि ऑरेगन राज्यातील अनुभव त्याला दुजोरा देतो. तेथे २००८ मध्ये गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा सोडत काढून दिला गेला. विमा मिळालेल्यांनी प्रकृती सुधारल्याचे सांगितले, आणि त्यातली बरीचशी सुधारणा उपचार घेण्याआधीचीच होती. दोन वर्षांनंतर त्यांच्यातील नैराश्य घटलेले दिसले, पण रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांत ठोस फरक आढळला नाही. विम्याच्या कार्डाने निदान बिलाची धास्ती तरी कमी केली होती.

उलटा परिणामही होतो. केरळातील लोक बिहारमधील लोकांपेक्षा जास्त जगतात, तरी आजाराच्या तक्रारी तेच अधिक सांगतात, याकडे अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये लक्ष वेधले होते. शिक्षण आणि दवाखाना हाताशी असला की दुखण्याला नाव मिळते. नसला की तेच दुखणे वयाच्या किंवा कामाच्या शिणाच्या खाती जमा होते. म्हणून दक्षिण लॉस एंजेलिसमधील एखाद्याने नव्या रुग्णालयात प्रथमच रक्तदाब तपासून घेतला आणि पुढच्या सर्वेक्षणात त्याचे उत्तर ‘चांगली’वरून ‘बरी’वर उतरले, तर तेवढ्यावरून ते रुग्णालयाचे अपयश मानता येणार नाही.