चाळीस मायक्रॉनची शिल्लक

१९५० च्या दशकातला एखादा एअरस्ट्रीम ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं ॲल्युमिनियमचं फिरतं घर, अमेरिकेत कुणाच्या तरी परसात वर्षानुवर्षं उभा राहिला की राखेच्या रंगाचा होतो. विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र आरसा असतो. मग पॉलिशिंग मशीन येतं, कंपाउंडचे, म्हणजे घासायच्या लेपाचे, डबे येतात आणि कितीतरी शनिवार-रविवार त्या गोलसर अंगावर खर्ची पडतात. पॉलिश म्हणजे पत्र्यावर काहीतरी चढवायचं, असं वाटतं खरं. इथे चढत काहीच नाही. उतरतो तो धातू.

किती उतरू द्यायचा, याचं उत्तर विमानांच्या कारखान्यात सापडतं. एअरस्ट्रीमचे संस्थापक वॉली बायम यांनी १९३६ मध्ये आणलेला 'क्लिपर' हा ट्रेलर विमानासारखाच, पत्रे रिव्हेटने जोडून बनवलेला होता. पुढच्या ट्रेलरांना पत्राही विमानाचाच लागला. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. त्यात सुमारे ४ टक्के तांबं मिसळलं की ताकद येते, पण तोच मिश्रधातू गंजायलाही सोपा होतो. १९२० च्या दशकात यावर तोडगा निघाला: मिश्रधातूच्या दोन्ही अंगांना जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचं अस्तर लाटून बसवायचं. हाच अल्क्लॅड. ओरखडा गाभ्यापर्यंत गेला तरी भोवतालचं अस्तर आधी झिजतं आणि गाभ्याला वाचवतं.

पत्रा ०.८ मिलिमीटरचा धरला आणि एका बाजूचं अस्तर जाडीच्या ५ टक्के, तर हाती राहतात ४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ४० हजारांश. माणसाचा केसही सहसा याहून जाड असतो. चकाकतं ते एवढंच.

आता राखाडीपणाकडे वळू. त्याचं खापर सगळे ऑक्साइडवर फोडतात, पण आरशासारख्या चकचकीत पत्र्यावरही ऑक्साइड असतंच. ताजा धातू हवेला लागला की लगेच काही नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) थर धरतो. तो पारदर्शक असतो, आणि धातूला जपतो. दिसतो तो खडबडीतपणा. प्रकाशाच्या लहरी ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या. पृष्ठभागाचे उंचवटे त्याहून बरेच लहान असले तर किरण एकाच दिशेने परततात आणि प्रतिबिंब दिसतं. पाऊस, क्षार आणि ओल यांनी पाडलेले खळगे व त्यात साचलेला सच्छिद्र, पाणी धरलेला गंज याहून कितीतरी मोठे असतात. तिथून प्रकाश वाटेल तिकडे उधळतो.

म्हणून घासाई टप्प्याटप्प्याने होते. आधी लोकरीचं पॅड आणि जाडसर कंपाउंड, मग बारीक, शेवटी मऊ सुती कापड. प्रत्येक टप्पा मागच्याचे ओरखडे काढतो आणि स्वतःचे, त्याहून बारीक, ठेवून जातो. कापड काळं होतं ते पाहून 'मळ निघतोय' असं समाधान वाटतं, आणि इथेच नवखे फसतात. ते काळं म्हणजे बहुतांशी ॲल्युमिनियमच. कण इतके बारीक की प्रकाश त्यांच्यात आपटत आपटत शोषला जातो. कापड स्वच्छ निघेपर्यंत घासत बसलात, तर अस्तर संपेल, पण काळेपणा संपणार नाही.

उन्हात नेल्यावर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. मशीनने गोल ओरखडे पाडले असं वाटतं. ते खरं तर सगळ्या दिशांना असतात. त्यातले प्रतिबिंबाला वेढा घातल्यासारखे आडवे असलेलेच ऊन डोळ्यांकडे फेकतात. डोकं हलवून पाहा, वर्तुळं तुमच्याबरोबर सरकतील!

नंतरच्या ट्रेलरांवर पारदर्शक लेप असतो, तो आधी रसायनाने काढावा लागतो. पोलादी काथ्या मात्र लावू नये. त्याचे तुकडे पत्र्यात रुततात आणि गंजतात. तीव्र अल्कली तर ॲल्युमिनियमच विरघळवते.

उरतात ते खोल ठिपके. खड्डा घासून भरत नाही. तो मिटवायचा तर भोवतालचा सगळा धातू त्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. २० मायक्रॉनच्या एका खड्ड्यासाठी तिथलं अर्धं अस्तर जातं. जाणकार माणूस असे ठिपके बोटाने चाचपतो आणि तसेच सोडून पुढच्या पत्र्याकडे वळतो.