हातातले काम आणि कानातले गाणे

सांगलीत विश्रामबाग परिसरातील एखाद्या अभ्यासिकेत दुपारच्या वेळी गेले, तर राज्यसेवेच्या पुस्तकांवर वाकलेल्या बऱ्याच मुलामुलींच्या कानांत इअरफोन दिसतात. कोणी बासरी ऐकत असतो, कोणी जुनी चित्रपटगीते, कोणी पावसाचा आवाज, तर कोणी ‘एकाग्रतेसाठी खास’ असे नाव दिलेली आणि तीन-तीन तास न संपणारी इंटरनेटवरची ध्वनिफीत. कोणत्या संगीताने मन लागते याबद्दल प्रत्येकाचे मत ठाम असते आणि शेजारच्या टेबलावरच्या मताशी ते सहसा जुळत नाही. मानसशास्त्रज्ञ गेली ऐंशी-नव्वद वर्षे या विषयावर प्रयोग करीत आहेत. त्यांच्या निष्कर्षांत वरकरणी बराच गोंधळ असला, तरी तो बहुतांशी एका कारणाने होतो असे मला वाटते : आपण ‘कोणते संगीत’ हा प्रश्न आधी विचारतो आणि ‘कोणते काम’ हा विचारायचा राहून जातो.

या विषयावरील सर्वांत गाजलेल्या प्रयोगाचीच गोष्ट पाहा. १९९३ साली फ्रान्सिस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात जेमतेम एका पानाचा निबंध प्रसिद्ध केला. महाविद्यालयातील ३६ विद्यार्थ्यांना मोत्झार्ट या युरोपीय संगीतकाराची दोन पियानोंसाठी लिहिलेली एक रचना १० मिनिटे ऐकवली आणि त्यानंतर घडी घातलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल अशा प्रकारची आकृत्यांची कोडी घातली, तेव्हा शांत बसल्यानंतरच्या गुणांपेक्षा त्यांचे गुण अधिक भरले. हा परिणाम १० ते १५ मिनिटांतच ओसरत होता आणि तो फक्त आकृत्यांच्या कोड्यांपुरता होता, हे निबंधातच नमूद केलेले होते. पण वर्तमानपत्रांतून तो ‘मोत्झार्ट ऐका, हुशार व्हा’ या स्वरूपात जगभर पसरला. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिफीत देण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलरची तरतूद सुचवली. ज्या प्रयोगात एकही बाळ नव्हते, त्याच्या आधारावर हे घडले.

पुढे कॅनडात ग्लेन शेलेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा नेटाने पाठपुरावा केला. मोत्झार्टऐवजी एखादी कथा ऐकवली, तर ज्यांना कथा अधिक आवडली त्यांचे गुण कथेनंतर वाढतात, असे त्यांना आढळले. २००१ मधील प्रयोगात त्यांनी मोत्झार्टच्या जलद, प्रसन्न रचनेसमोर आल्बिनोनी या संगीतकाराच्या नावाने ओळखली जाणारी संथ, उदास रचना ठेवली. पहिलीने गुण वाढले, दुसरीने वाढले नाहीत, आणि ऐकणाऱ्याची मनःस्थिती व तरतरी यांतील फरक हिशेबात धरल्यावर मोत्झार्टचा म्हणून काही वेगळा गुण उरला नाही. म्हणजे करामत त्या संगीतकाराची नव्हती, मन ताजे होण्याची होती. सकाळचा चहा जे करतो त्याच जातीचे हे काम आहे. या सगळ्या प्रयोगांत संगीत कामाच्या आधी ऐकवलेले होते, ही बाब मात्र सहज नजरेआड होते. कामाला बसण्यापूर्वी दहा मिनिटे मनासारखे गाणे ऐकणे आणि काम चालू असताना ते कानात वाजत ठेवणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, कारण दुसऱ्या प्रकारात संगीत आणि काम यांना मेंदूतील एकाच जागेसाठी भांडावे लागते.

ती जागा म्हणजे कार्यस्मृती. अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या आराखड्यानुसार आपण वाचलेले शब्द, ऐकलेले आकडे किंवा मनातल्या मनात जुळवलेले वाक्य काही सेकंद ‘आतल्या आवाजात’ घोळवून टिकवून धरतो. मार्केट यार्डातील एखाद्या अडत दुकानात दिवाणजी हळदीच्या पोत्यांची वजने जुळवीत बसलेले असतात, ते आठवावे. बावन्न किलो तीनशे, एक्कावन्न किलो आठशे, पुन्हा बावन्न आणि शंभर. बेरीज पुढे सरकत असताना मागची रक्कम ओठांतल्या ओठांत चालू असते. अशा वेळी कट्ट्यावरून कोणी हमाल ‘एकोणपन्नास’ म्हणाला, की चालू बेरीज निसटते आणि बोट पुन्हा पट्टीच्या पहिल्या ओळीवर जाते. रेडिओवर बातम्या चालू असल्या तरी थोड्याफार फरकाने हेच होते. कानांना पापण्या नाहीत. बोललेला शब्द आपण लक्ष देवो न देवो, आतल्या आवाजाच्या त्या जागेत शिरतोच.

हे प्रयोगशाळेत प्रथम नीट दाखवले ते हर्बर्ट कॉल आणि अॅलन वेल्श यांनी, १९७६ मध्ये. पडद्यावर दिसणारी अक्षरे क्रमाने लक्षात ठेवायची आणि मागे चालू असलेल्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायचे, असे काम त्यांनी इंग्रजी भाषकांना दिले. मागचे बोलणे जर्मनमध्ये होते, म्हणजे ऐकणाऱ्यांना त्यातले काही कळत नव्हते, तरीही चुका वाढल्या. अर्थ कळत नसला की बोल त्रास देत नाहीत, या समजुतीने परभाषेतील गाणी लावून अभ्यास करणाऱ्यांनी या निकालाची दखल घ्यायला हवी. पियरे सालामे आणि बॅडली यांनी १९८९ मध्ये संगीताचीच तुलना केली, तेव्हा गायन असलेल्या संगीताने नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा अधिक व्यत्यय आणला. आणखी एक निष्कर्ष अनेकांना पटत नाही, तो म्हणजे आवडीचा. २०११ मध्ये निक पेऱ्हम आणि जोआन व्हिझार्ड यांनी प्रयोगातील व्यक्तींना त्यांच्या आवडीचे आणि नावडीचे अशी दोन्ही प्रकारची गाणी ऐकवीत क्रम लक्षात ठेवायला लावले. शांततेच्या तुलनेत दोन्हींनी नुकसान केले, आणि ते सारखेच केले. आवडते गाणे मन प्रसन्न करीत असेल. आकडे टिकवून धरण्यात ते सवलत देत नाही.

मग वाद्यसंगीत निर्धोक म्हणायचे का? तसे सरसकट म्हणता येत नाही. वेल्समधील कार्डिफ येथे डिलन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या व्यत्ययाच्या मुळाशी शब्द नसून बदल आहे, असे दाखवून दिले. एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकवले तर स्मृतीला फारसा धक्का लागत नाही, वेगवेगळी अक्षरे ऐकवली तर लागतो, आणि शब्द अजिबात नसलेल्या, केवळ चढउतार होणाऱ्या स्वरांनीही तो लागतो. क्रमाने येणाऱ्या बदलत्या आवाजांची मेंदू आपोआप साखळी जुळवीत राहतो, आणि क्रमच लक्षात ठेवायचा असेल तेव्हा त्या दोन साखळ्या एकमेकींत गुंततात. आवाजाची पातळी बोलण्याइतपत मर्यादेत असेल, तर ती थोडी कमी-जास्त केल्याने या परिणामात फारसा फरक पडत नाही, हेही आश्चर्यकारक आहे. ‘हळू आवाजात लावले आहे’ हा युक्तिवाद म्हणूनच लंगडा पडतो.

या ठिकाणी सांगलीहून मिरजेपर्यंत जाणे अप्रस्तुत ठरणार नाही. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागिरांचा हा व्यवसाय दीडशेहून अधिक वर्षांचा आहे. तानपुऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा सपाट नसतो, त्याला अतिशय सौम्य बाक दिलेला असतो आणि तारेखाली सुताचा एक धागा सरकवलेला असतो. छेडलेली तार त्या बाकावर हलकेच टेकत-सुटत राहते आणि त्यातून उपस्वरांचा तो भरीव, दीर्घ गुंजारव उठतो, ज्याला आपण जवारी म्हणतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीच्या करामतीवर लिहिले होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की तानपुरा चार तारांचे तेच आवर्तन फिरवीत राहतो; त्यात पुढे काय येणार याची उत्कंठा नाही, बोल नाहीत आणि लयीचा धक्काही नाही. स्थिर आवाज कमी व्यत्यय आणतात हे तत्त्व खरे मानले, तर मोबाइलवरच्या तानपुऱ्याचा मंद आवाज हा ख्यालाच्या बंदिशीपेक्षा किंवा चित्रपटगीतापेक्षा वाचनासाठी अधिक सुरक्षित ठरावा, असे अनुमान मी काढतो. प्रयोगाचा निष्कर्ष म्हणून नव्हे, तर अनुमान म्हणूनच ते घ्यावे. गाणे शिकणाऱ्याच्या बाबतीत तेही लागू पडणार नाही, कारण त्याचा कान तार किंचित उतरली की तिकडेच जाईल. त्याच कारखान्यात भोपळा घासून पॉलिश करणाऱ्याच्या शेजारी रेडिओ खुशाल चालू शकतो. जवारी काढणाऱ्याच्या शेजारी चालणार नाही, कारण ऐकणे हेच त्याचे काम आहे.

भोपळा घासण्यासारख्या कामांकडे आले, की संगीताचा हिशेब पार उलटा होतो. एकसुरी, सरावाच्या कामात कार्यस्मृती बरीचशी मोकळी असते. तेथे शत्रू असतो तो कंटाळा. तरतरी फार कमी झाली की हात मंदावतात आणि चुका होऊ लागतात. १९३७ मध्ये वायट आणि लँग्डन यांनी इंग्लंडमधील कारखान्यात केलेल्या अभ्यासात अशा कंटाळवाण्या कामावर संगीताचा अनुकूल परिणाम नोंदवला. पुढे युद्धकाळात, जून १९४० पासून, बीबीसीने कारखान्यांसाठी सकाळ-दुपार अर्ध्या-अर्ध्या तासाचा संगीताचा कार्यक्रम सुरू केला. टाळ्यांचा ठेका असलेले एक लोकप्रिय गाणे मात्र त्यातून वगळावे लागले, कारण ते लागले की कामगार हातातल्या पान्यांनी ठोके देऊ लागतील अशी धास्ती होती.

आपल्याकडे ही गोष्ट कोणी प्रयोग करून सांगण्याची गरज पडली नव्हती. कृष्णाकाठच्या गावांत शाळूची काढणी पात धरून चालू असताना भलरी म्हटली जात असे, आणि पहाटे जात्यावर बसलेली बाई एका हाताने खुंटा फिरवीत व दुसऱ्या हाताने धान्याची वैरण घालीत ओवी गात असे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावोगावच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. दळणाऱ्या बाईला शब्दांचा अडथळा होत नव्हता, उलट ती स्वतःच नवे शब्द जुळवीत होती, कारण दळण हे हातांचे काम होते आणि भाषेची जागा पूर्ण रिकामी होती. भलरीत तर ठेक्यामुळे सगळ्यांचे विळे एका लयीत चालत. आज कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग मोजून खोक्यात भरणाऱ्याला किंवा घरी बसून कागदपत्रांचे स्कॅनिंग करणाऱ्याला गाण्यांचा जो उपयोग होतो, तो याच जातीचा आहे. चालत्या यंत्रापाशी मात्र इअरफोन घालू नयेत. तेथे यंत्राचा बदललेला आवाज ऐकू येणे हा सुरक्षिततेचा भाग असतो.

दोन टोकांच्या मधली कामे अवघड आहेत. १९९४ मध्ये कॅरन अॅलन आणि जिम ब्लास्कोविच यांनी ५० शल्यविशारदांना मनातल्या मनात वजाबाक्या करायला लावल्या. स्वतः निवडलेले संगीत चालू असताना त्यांचा वेग आणि अचूकता अधिक होती आणि शरीरावरील ताण कमी होता. वर सांगितलेल्या निष्कर्षांशी हे विसंगत वाटते खरे; पण हे सगळे शल्यविशारद शस्त्रक्रिया करताना एरवीही संगीत ऐकणारे होते, हे विसरता कामा नये. सवय आणि निवडीचे स्वातंत्र्य यांना काही किंमत आहे. स्वभावालाही आहे : १९९७ मधील फर्नहॅम आणि ब्रॅडली यांच्या एका छोट्या प्रयोगात पॉप संगीत चालू असताना उताऱ्याच्या आकलनात अंतर्मुख व्यक्तींचे नुकसान झाले, बहिर्मुखांचे फारसे झाले नाही. लक्ष टिकवण्यात अडचण असलेल्या मुलांना नुसत्या सलग ‘सूं’ आवाजाने मदत झाली आणि त्याच आवाजाने इतर मुलांची कामगिरी खालावली, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. त्यामुळेच २०११ मध्ये जर्मन संशोधकांनी अनेक प्रयोगांचा एकत्रित ताळेबंद मांडला, तेव्हा पार्श्वसंगीताचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. वाचनाला अपाय, व्यायामाला फायदा, भावनांना दिलासा, असे एकमेकांना खोडून काढणारे आकडे त्या शून्यामागे होते.

शेजारी कोणी फोनवर बोलत असेल, तर तुलना शांततेशी नसून त्या बोलण्याशी करावी लागते, आणि तेव्हा पंख्याचा आवाज, पावसाची ध्वनिफीत किंवा संथ वाद्यसंगीत हा कमी वाईट पर्याय ठरतो, कारण त्याने बोलण्यातले शब्द पुसट होतात. मध्येच जाहिरात येणारी गाण्यांची यादी मात्र टाळावी. अनपेक्षितपणे सुरू झालेले बोलणे हा सगळ्यांत वाईट आवाज होय. दर चार मिनिटांनी गाणे बदलायला फोन हातात घेणाऱ्याचे नुकसान तर गाण्याने होत नाही, फोनने होते.

आपल्याला संगीत मानवते की नाही हे ‘मला बरे वाटते’ यावरून ठरवण्यात धोका आहे, कारण मन रमणे आणि काम होणे यांचा अनुभव आतून सारखाच येतो. परीक्षार्थींना त्यासाठी सोपी सोय आहे. जुन्या प्रश्नपत्रिकांतील सारख्या काठिण्याचे उताऱ्यांचे दोन संच घ्यावेत, एक शांततेत आणि एक संगीत लावून सोडवावा, दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करावा, आणि वेळ व बरोबर उत्तरे दोन्ही लिहून ठेवावीत. असे आठवडाभर केले तरी पुरेसा अंदाज येतो. पाठांतर, उतारे आणि निबंधलेखन येथे शांततेचे पारडे जड निघेल असा माझा कयास आहे. नकाशे रंगवणे, टिपणे स्वच्छ उतरवून काढणे येथे कदाचित निघणार नाही.

शेवटी आवाजाच्या पातळीबद्दल, कारण ती एकाग्रतेसाठी नसली तरी कानांसाठी महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्यातून ४० तास ही मर्यादा सुचवली आहे, आणि दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास आणि ८६ डेसिबलला १० तास. रोज आठ तास, आठवड्यातील सहा दिवस इअरफोन लावून अभ्यासाला बसणाऱ्याचे ४८ तास भरतात, तेव्हा त्याने आवाज ८० च्या बराच खाली ठेवायला हवा, किंवा नुसता बाहेरचा गोंगाट अडवण्यासाठी कापसाचे वा फोमचे बोळे वापरून इअरफोन खिशात ठेवायला हवेत.